बारावीनंतर इंजिनिअरिंग: दाखल्यांपासून सीट हातात पडेपर्यंत

जून लागला की आमच्या डायनिंग टेबलावर ताटं मांडता येत नाहीत. तिथे फायली असतात, झेरॉक्सचे गठ्ठे असतात आणि कुणाच्या तरी बाबांचा विसरलेला चष्मा असतो. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. त्यामुळे निकाल लागला की पोरं आईबापांना घेऊन हक्कानं घरी येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, याला कॉलेज कुठलं मिळंल?" माझाही ठरलेला, "नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) काढलंय का?" मग दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही.

मार्क कमी पडले तर वाईट वाटतंच. पण मार्क असताना एखादा दाखला नाही म्हणून किंवा पसंतीक्रम उलटासुलटा भरला म्हणून जागा जाते, तेव्हा फार चरफड होते. जूनमध्ये मार्क वाढवता येत नाहीत. दाखले आणि पसंतीक्रम या दोन गोष्टी मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात. ज्यांच्या घरातून इंजिनिअरिंगला पहिलंच पोर निघालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फार्मसीची रीतही बरीचशी अशीच असते. मेडिकलचं नीटवर चालतं, ते इथे घेत नाही.

हे चालवतं कोण

राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपल्या बोलण्यातला सीईटी सेल, बघतो. परीक्षा एमएचटी-सीईटी. पीसीएम गटाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे प्रत्येकी 50 प्रश्न असतात. मॅथ्सच्या प्रश्नाला 2 गुण, बाकीच्यांना 1, एकूण 200. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण 80 टक्के भर बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतो. अकरावी 'आरामात' घालवणारा इथे पस्तावतो.

परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. म्हणून निकाल गुणांत न येता पर्सेंटाइलमध्ये येतो, आणि इथे पालकांचा हमखास घोटाळा होतो. 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के नव्हेत. समजा पीसीएमला चार लाख मुलं बसली. 92 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे त्यातली आठ टक्के, म्हणजे 32 हजार मुलं आहेत. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की "ब्याण्णव पडले तरी पुण्याचं सीओईपी कॉलेज का नाही?" हे भांडण घरात होत नाही.

आणखी एक अट लोक विसरतात. सीईटी कितीही चांगली गेली तरी बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा पात्र विषय मिळून किमान 45 टक्के हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना 40. सीईटीच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवलेली दोन-तीन पोरं दरवर्षी इथे अडकतात.

सगळ्या कॉलेजांसाठी अर्ज एकच असतो आणि तो सीईटी सेलच्या संकेतस्थळावर भरायचा. कॉलेजोकॉलेजी जाऊन फॉर्म आणायचे दिवस गेले. या मध्यवर्ती प्रवेशफेरीलाच कॅप म्हणतात, आणि त्याच्या फेऱ्या म्हणजे कॅप राऊंड. सीईटी उन्हाळ्यात, निकाल साधारण जूनमध्ये, आणि मग जूनच्या अखेरीपासून पुढचे दोन-अडीच महिने हा खेळ चालतो. तारखा दरवर्षी बदलतात, चालू फेरीतही पुढे-मागे होतात. व्हॉट्सअॅपवर आलेलं वेळापत्रक बघू नका, संकेतस्थळावरची सूचना वाचा.

दाखले दिवाळीत काढा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून मी सगळ्यात आधी हिच्याच मागे लागते. मूल बारावीत गेलं की दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढा, सगळे कागद सतरंजीवर मांडा आणि एकेक वाचा. नुसते मोजू नका.

पहिला कागद शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर राष्ट्रीयत्व 'भारतीय' लिहिलंय का? जन्मस्थळ गाव, तालुका, जिल्ह्यासह आहे का? जन्म महाराष्ट्रातला असेल, तो दाखल्यावर नीट नोंदलेला असेल आणि दहावी-बारावी दोन्ही इथूनच असेल, तर वेगळं अधिवास प्रमाणपत्र सहसा लागत नाही. पण आमच्या भागातली गंमत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर बीदर किंवा भालकी. पोराची सगळी हयात औशात गेलेली, पण दाखल्यावर जन्मस्थळ कर्नाटक. अशा मुलाला डोमिसाईल काढावंच लागतं. ते निकालानंतर काढायला गेलात तर तहसीलला तुमच्यापुढे अख्खा तालुका उभा असतो.

सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी मात्र वेगळी सोय आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त भागातून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार 'टाइप ई'मध्ये अर्ज करू शकतो. बेळगाव, निपाणीकडचे नातेवाईक असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

आता राखीव प्रवर्गाचं. इथे तीन वेगवेगळे कागद आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे 'व्हॅलिडिटी', जिल्ह्याची पडताळणी समिती देते (अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत). तिसरं नॉन-क्रिमीलेअर. हे एससी-एसटीला लागत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसीला (मराठा समाजाचा प्रवर्ग) लागतं. ते ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्याच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. म्हणजे 2026-27 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2027. थोरल्या मुलीच्या वेळचं जुनं नॉन-क्रिमीलेअर घेऊन येणारे बाबा मला दरवर्षी भेटतात. कागद खरा असतो, तारीख गेलेली असते.

व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण त्यासाठी जुने पुरावे लागतात. एससीसाठी 10 ऑगस्ट 1950, व्हीजेएनटीसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची नोंद मागतात. म्हणजे आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते रजिस्टर शोधायला मुख्याध्यापकांची मनधरणी करावी लागते, एखादवेळी पानच फाटलेलं निघतं. वडिलांची, आत्याची किंवा सख्ख्या चुलत्याची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं. म्हणून आधी भावकीत फोन फिरवा. विज्ञान शाखेच्या मुलांचे हे प्रस्ताव ज्युनिअर कॉलेजमार्फतच जातात, तेव्हा बारावीच्या सुरुवातीलाच ऑफिसात चौकशी करा.

ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, थोडक्यात: वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, दाखला चालू वर्षाचा आणि राज्याच्या नमुन्यात. मूल जेईई देऊन एनआयटीसाठीही प्रयत्न करणार असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढा. ओबीसीचंही तसंच, दोन नमुने लागतात. एसईबीसीचं आरक्षण तर केंद्राच्या संस्थांत नाहीच.

"अर्ज केल्याची पावती दिली की चालतं ना?" असं विचारतात. चालतं, पण ठरलेल्या तारखेपर्यंतच. मूळ दाखला त्या तारखेच्या आत आला नाही तर उमेदवार ओपनमध्ये जातो. काही वर्षी सरकारनं मुदत वाढवून दिली, पण त्या भरवशावर राहणं म्हणजे पावसाच्या भरवशावर लग्न उघड्यावर ठेवण्यासारखं.

शेवटचं म्हणजे नाव. आधारवर 'ज्ञानेश्वर', मार्कमेमोवर 'ज्ञानेश्र्वर', आईचं नाव एकीकडे 'सुनिता' आणि दुसरीकडे 'सुनीता'. छाननी करणाऱ्याचा मूड ठीक असेल तर निभावतं. नसेल तर अर्ज परत येतो.

अर्ज आणि छाननी

अर्ज भरायला अर्धा तास पुरतो, कागद हाताशी असतील तर. मोबाईल नंबर घरात कायम चालू राहणारा द्या. नेट कॅफेवाल्याचा ईमेल टाकू नका. हे हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी एका मुलाचा अर्ज चार दिवस त्रुटी दाखवत पडून होता आणि सगळे संदेश कॅफेवाल्याच्या मेलवर जात होते. कॅफेवाला लग्नाला गेला होता.

कागद तपासून घ्यायचे दोन मार्ग आहेत. एक ई-छाननी: तुम्ही स्कॅन चढवता, अधिकारी ऑनलाइन तपासतात. दुसरा प्रत्यक्ष सुविधा केंद्रावर जाऊन. शहरात राहत असाल, कागद स्वच्छ असतील, तर ई-छाननी बरी. जरा जरी गुंता असेल, नावात बदल, गॅप, दहावी दुसऱ्या राज्यातून, तर सरळ केंद्रावर जा. समोर माणूस असला की "हा नाही, तो कागद लावा" एवढं तरी कळतं. ई-छाननीत त्रुटी निघाली की अर्ज तुमच्या लॉगिनमध्ये परत येतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. आपोआप काही होत नाही. म्हणून अर्ज पक्का झाल्याची पावती हातात येईपर्यंत रोज एकदा लॉगिन उघडायचं.

अर्जात एक चौकट टीएफडब्ल्यूएसची असते, शिक्षणशुल्क माफीची. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ती भरा. जात-प्रवर्गाचा तिच्याशी संबंध नाही. पुढे तिचं काम पडणार आहे.

मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. यादीत फक्त नंबर बघून फाईल मिटू नका. प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी, मुलगी असेल तर लिंग, गुण, सगळं ताडून बघा. चूक असेल तर हरकत घ्यायला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादी लागल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग नाही.

होम युनिव्हर्सिटी आणि ती विचित्र अक्षरं

बहुतेक कॉलेजांत जागांची विभागणी अशी असते: 70 टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना, 30 टक्के राज्यातल्या बाकीच्यांना. तुमची होम युनिव्हर्सिटी कोणती हे ठरतं बारावी कुठून केली त्यावरून. गाव कुठलं यावरून नाही. धाराशिवचा मुलगा लातूरला खोली करून बारावी झाला तर तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा. त्याचा धाराशिवलाच शिकलेला मित्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा. दोघांचे मार्क सारखे असले तरी एकाच कॉलेजात एकाला मिळेल, दुसऱ्याला नाही. काही स्वायत्त संस्थांत, उदाहरणार्थ पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये, हा भेद नसतो. तिथे अख्खं राज्य एका रांगेत.

कटऑफची पीडीएफ उघडली की जी, एल, एच, ओ, एस अशी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळी. खाली दोन आकडे असतात, वरचा मेरिट नंबर आणि कंसातला पर्सेंटाइल. तो त्या रकान्यात शेवटी घुसलेल्या मुलाचा असतो.

मुलींच्या आईवडिलांना मी हे बोटानं दाखवून सांगते: ओबीसी मुलीला एकाच ब्रँचला चार दरवाजे आहेत. सर्वसाधारण ओपन, मुलींचा ओपन, सर्वसाधारण ओबीसी, मुलींचा ओबीसी. चारही रकाने बघा, त्यातलं सगळ्यात कमी पर्सेंटाइल तुमचं. नुसता ओपनचा रकाना बघून "आपल्याला काही हे मिळत नाही" म्हणणारी कुटुंबं बघितली आहेत मी.

पसंतीक्रम: इथे वेळ घाला

आता खरा डाव. ऑप्शन फॉर्ममध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक कॉलेज अधिक एक ब्रँच, आणि तिचा एक कोड. कोडच्या सुरुवातीला विभाग कळतो: 1 अमरावती, 2 छत्रपती संभाजीनगर, 3 मुंबई, 4 नागपूर, 5 नाशिक, 6 पुणे. उदाहरणार्थ, व्हीजेटीआय 3012. टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा कोड वेगळा, शेवटी 'टी' असलेला. ती जागा हवी असेल तर ती ओळ स्वतंत्र भरावी लागते. अर्जात चौकट भरली म्हणून ती आपोआप मिळत नाही. इथे दरवर्षी कुणीतरी चुकतंच.

संगणक जागा कशी देतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाते. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरू करतो. तुमचा नंबर आला की तुमची पहिली ओळ बघतो. तिथे तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे? दिली. नाही? दुसरी ओळ. असं खाली खाली. तुमची पंधरावी ओळ बघताना तो "याने ही पंधराव्या नंबरला टाकली, म्हणजे याला फार हौस नाही" असा विचार करत नाही. दुसऱ्या कुणी ती पहिल्या नंबरला टाकली असली तरी त्याचा मेरिट तुमच्या खाली असेल तर जागा तुमचीच. त्यामुळे अवघड कॉलेज वर ठेवल्यानं खालचं हातचं जात नाही. सोपं कॉलेज 'सेफ' म्हणून वर ठेवलं तर मात्र वरचं मिळत असूनही तेच गळ्यात पडतं.

तरी लोक उलटं करतात. कटऑफची यादी समोर घेऊन "आपले एवढे, म्हणून आधी हे" असं भरत बसतात. कटऑफ यादी कुठपर्यंत न्यायची ते ठरवायला वापरायची, क्रम लावायला नाही.

माझी रीत चिठ्ठ्यांची. गेल्या वर्षी औशाची एक मुलगी आली होती, 90 च्या आसपास पर्सेंटाइल, ओबीसी. बाबांनी वहीत 22 ओळी आधीच लिहून आणल्या होत्या, अंतराच्या क्रमानं, घराजवळचं पहिलं. मी वही बाजूला ठेवली. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे केले आणि एकेकावर एक कॉलेज-ब्रँच लिहायला तिला सांगितलं. वरचे, जमण्याजोगे, हमखास मिळतील असे, सगळे. 46 चिठ्ठ्या झाल्या. मग फरशीवर बसून एकच खेळ. दोन चिठ्ठ्या समोर धरायच्या आणि विचारायचं, "उद्या दोन्ही मिळाल्या तर कुठे जाशील?" जी उचलेल ती वर. नांदेडच्या अनुदानित कॉलेजातली मेकॅनिकल की पुण्याच्या एका खाजगी कॉलेजातली कॉम्प्युटर? ती थांबली. बाबा म्हणाले, "नांदेड." ती म्हणाली, "मला गाड्या आवडत नाहीत बाबा." चिठ्ठी वर गेली. बाबा जरा वेळ गप्प बसले, मग त्यांनी चिठ्ठीच्या मागे होस्टेलची फी लिहिली. दोन तासांत क्रम लागला आणि त्या दोन तासांत बापलेकीचं जेवढं बोलणं झालं तेवढं दोन वर्षांत झालं नसावं.

चिठ्ठ्या लिहिताना थोडं डोकं लावा. फॉर्ममध्ये ओळी 300 पर्यंत भरता येतात, पण 40 ते 60 बहुतेकांना पुरतात. त्यात तुमच्या पर्सेंटाइलच्या वरच्या भरपूर, आसपासच्या सगळ्या, आणि खालच्या दहा-पंधरा तरी हव्यात. जिथे पाठवायचंच नाही ते कॉलेज तळालाही टाकू नका. 'भरून ठेवू' म्हणून टाकलेलं मिळतं, तेव्हा घरात रडारड होते.

ब्रँचच्या नावांना भुलू नका. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, एआय अँड डेटा सायन्स, आयटी... पहिल्या वर्षी यांच्या वर्गात फारसा फरक नसतो. 'एआय' शब्दासाठी दोन पायऱ्या खालचं कॉलेज घेणं मला पटत नाही. सिव्हिल, इलेक्ट्रिकल घ्यायला लाजू नये, हेही माझं मत. शेजारच्यांचं वेगळं असेल. कॉलेज बघायला शक्यतो एकदा जाऊन या, तेही कामाच्या दिवशी. पोस्टरवरचं 'सर्वोच्च पॅकेज' बघू नका. वर्कशॉपची मशीन्स धूळ खात पडलीत का, त्या ब्रँचला एनबीएचं (राष्ट्रीय मानांकन मंडळाचं) मानांकन आहे का, आणि कँटीनमधली तिसऱ्या वर्षाची मुलं काय बोलतात ते ऐका. त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

फॉर्म भरून झाला की कन्फर्म करा. नुसतं सेव्ह करून झोपलेली मुलंही आहेत.

राऊंड, फ्रीझ आणि बेटरमेंट

2025 च्या प्रवेशापासून फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि आपोआप फ्रीझ होण्याचा, म्हणजे मिळालेली जागाच पक्की होण्याचा, नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा तुमची, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली कोणतीही मिळाली तरी तेच. तिसरीत पहिल्या सहांतली. चौथीत जे मिळेल ते अंतिम. तुमच्या वर्षी हे आकडे तेच आहेत का, हे माहितीपुस्तिकेत जरूर बघा.

याचा अर्थ, पहिल्या ओळीत गंमत करायची नाही. "बघू तर मिळतंय का" म्हणून वर टाकलेलं कॉलेज मिळालं आणि घ्यायचं नसलं, तर पुढचे कॅप राऊंड बंद.

आपोआप फ्रीझ न होणारं काही मिळालं तर दोन पर्याय. आवडलं असेल तर स्वतःहून फ्रीझ करा. नसेल तर जागा स्वीकारून बेटरमेंटला जा, म्हणजे ती हातात ठेवून पुढच्या फेरीत आणखी चांगलं बघा. दोन्हींत आधी लॉगिनमधून जागा स्वीकारायची आणि 1000 रुपये जागा-स्वीकृती शुल्क भरायचं, दिलेल्या तारखेच्या आत. न भरल्यास जागा गेली. बेटरमेंटमध्ये नवं काही मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. काही नवं नाही मिळालं तर आधीची शाबूत राहते. म्हणून पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये फक्त हातातल्या जागेपेक्षा खरोखर जास्त आवडणाऱ्याच ओळी ठेवा. एका मुलानं जुना फॉर्म तसाच पुन्हा कन्फर्म केला आणि हातातल्यापेक्षा खालचं कॉलेज ओढवून घेतलं. रात्री साडेअकराला त्याच्या आईचा फोन आला होता. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

पैशाचं

खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. चिठ्ठीच्या मागे तोच आकडा लिहा, कॉलेजच्या फोनवरचा नाही.

मुलींसाठी मोठा बदल 2024 मध्ये झाला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर गेलेल्या मुलीला हे मिळत नाही, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही नाही. आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शुल्क परत मिळतं. हे सगळं महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरून, दरवर्षी नव्यानं अर्ज करून. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, आणि ते मुलाच्या नावावर हवं, बाबांच्या नाही.

टीएफडब्ल्यूएसमध्ये शिक्षणशुल्क माफ होतं, पण विकासशुल्क, होस्टेल, मेस तुमचंच. या जागा थोड्याच, त्यामुळे त्यांचा कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा चढाच असतो.

फोन येऊ लागतात तेव्हा

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून अनोळखी नंबरवरून गोड आवाज सुरू होतात. "सर, मुलाची सीट ब्लॉक करून ठेवू का? उद्या रेट वाढणार." खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा संस्था पातळीवर भरतात हे खरं, पण त्यांचीही जाहिरात निघते, अर्ज मागवतात आणि गुणवत्ता यादी लावावी लागते. फीच्या वर देणगी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पावती नसलेला एक रुपयाही देऊ नका. कॅपची पहिली फेरी लागायच्या आधी तर कुणालाच नाही.

पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांबद्दल एवढंच सांगते: भरून घ्या हवं तर, पण पासवर्ड आणि ओटीपी घरचाच माणूस टाकेल.

कॉलेजला हजर होताना

सीट फ्रीझ झाली की ठरल्या तारखेला कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवायचे, फी भरायची. इथेही तारीख चुकली तर प्रवेश रद्द. झेरॉक्सचे तीन संच, दहा-बारा फोटो आणि जेवणाचा डबा बरोबर ठेवा, रांग मोठी असते. नंतर एनआयटी मिळाली किंवा विचार बदलला तर शेवटच्या तारखेच्या आत प्रवेश रद्द करून घ्या. मुदतीत रद्द केलं तर फी परत मिळते, प्रक्रिया शुल्क तेवढं कापतात.

मूळ कागद कॉलेजात देण्याआधी प्रत्येकाचा रंगीत स्कॅन करून घ्या, आणि व्हॅलिडिटीची मूळ प्रत कॉलेजनं ठेवून घेतली तर पोच मागा. औशाच्या त्या बाबांनी पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाईलच्या अगदी तळाशी ठेवली. धाकटा अजून नववीत आहे. त्याच्या व्हॅलिडिटीला बहिणीचीच लावायची आहे.